टाचणी लावलेली पाने

आमच्या गावच्या देवळात उत्सवाला मराठी नाटक होते, फोंडा तालुक्यातल्या बऱ्याच गावांत होते तसेच. तिथे मी गेली बारा वर्षे प्रॉम्प्टर आहे. विंगेत स्टुलावर बसायचे, वही धरायची आणि कोणी अडखळला की पुढचा शब्द हळूच सोडायचा. दिवसा पणजीत सॉफ्टवेअरचे काम करतो, पण गावात विचाराल तर माझी ओळख वहीवाला हीच.

गेल्या चवथीला बारावीतला भाचा आला होता. गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधून झाली आणि तो फोन घेऊन शेजारी येऊन बसला. "मामा, हे बघ. ह्या गेममध्ये एक आख्खी लेव्हल आहे, जी गेममध्येच नाही."

वाक्य वेडगळ वाटते, पण ते बरोबर होते. कोणीतरी गेमच्या फाइली उघडून त्यातून एक नकाशा बाहेर काढला होता. गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत शंभर वेळा खेळला तरी त्या नकाशात पाऊल पडत नाही. भाच्याचा प्रश्न सरळ होता: नको होती तर काढून का नाही टाकली?

मी कपाटातून एक जुनी वही काढली. त्या वहीत दुसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश आहे, जो आमच्या प्रेक्षकांनी कधीच पाहिला नाही. सेवकाचे काम करणारा मुलगा प्रयोगाला आठ दिवस असताना बोटीवर नोकरी लागून निघून गेला. नवा नट उभा करायला वेळ नव्हता, म्हणून दिग्दर्शकाने प्रवेशच गाळला. पाने मात्र फाडता आली नाहीत, कारण शेवटच्या पानाच्या पाठीवर चौथा प्रवेश सुरू होतो. पान फाडले असते तर नायिकेची पहिली सहा वाक्ये त्याच्याबरोबर गेली असती. मी ती चार पाने एकत्र धरून टाचणी लावली. प्रयोगात बोट टाचणीवर आले की सरळ पुढे जायचे.

व्हिडिओ गेममध्ये 'गाळलेला भाग' म्हणतात तो बहुतेक वेळा असा टाचणी लावलेला असतो.

जरा आत शिरू. गेममध्ये ढोबळमानाने दोन गोष्टी असतात. एक म्हणजे माल: चित्रे, नकाशे, आवाज, संवाद, पात्रांचे आकार. दुसरी म्हणजे तो माल केव्हा, कुठे आणायचा याच्या सूचना, म्हणजे प्रोग्राम. मालातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक किंवा नाव असते. प्रोग्राम सांगतो, "हा दरवाजा उघडला की 12 क्रमांकाचा नकाशा आण." आता 12 क्रमांकाची लेव्हल नको असे ठरले, तर सर्वांत सोपा उपाय कोणता? ते एक वाक्य काढायचे. दरवाजा उघडेनासा होतो, किंवा दरवाजाच राहत नाही. नकाशा मात्र गोदामात होता तिथेच पडून असतो. डिस्क विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तो जातो आणि कोणाला दिसत नाही.

मग गोदामही साफ का करत नाहीत? इथे पानाच्या पाठीची गोष्ट येते. त्या गाळलेल्या लेव्हलमधला एखादा लाकडी दरवाजा दुसऱ्या तीन लेव्हलींत वापरलेला असू शकतो. तिथला पावलांचा आवाज सगळ्या गेममध्ये वाजत असू शकतो. कशाचा कशाशी धागा जोडला आहे हे दोन-तीन वर्षांच्या कामानंतर कोणा एकाच्या डोक्यात पूर्ण नसते. रिलीज तोंडावर असताना गोदामात झाडू घेऊन शिरणे म्हणजे चालत्या पंख्यात हात घालणे.

क्रमांकांची अडचण वेगळीच. आमच्या नाटकात लाइटवाल्याकडे क्यूंची, म्हणजे कोणता लाइट केव्हा बदलायचा त्या खुणांची, यादी असते. प्रवेश गाळल्यावर 14 ते 17 हे क्यू निकामी झाले. उत्साही माणूस म्हणेल, मग 18 ला 14 करा. तसे केले असते तर त्या रात्री राजवाड्यात पहाट झाली असती आणि स्मशानात दरबारी झुंबर पेटले असते, कारण लाइटवाल्याच्या, संगीतवाल्याच्या आणि माझ्या वहीत जुनेच आकडे होते. म्हणून 14 ते 17 रिकामे ठेवायचे आणि 13 नंतर 18 म्हणायचे.

जपानमध्ये 1996 साली आलेल्या पहिल्या पोकेमॉन गेममध्ये नेमके असेच आहे. त्यात प्राण्यांना आतून दिलेले 190 क्रमांक आहेत आणि खरे प्राणी 151. मधले 39 क्रमांक रिकामे. इंग्रजी आवृत्तीत ह्या रिकाम्या जागांना 'मिसिंगनो' असे नाव भरलेले आहे, म्हणजे क्रमांक गायब. खेळणाऱ्याला हे नाव कधी दिसायचे कारण नव्हते. पण ते दिसले, आणि कसे दिसले ते मजेदार आहे. गेममध्ये एक म्हातारा प्राणी कसा पकडायचा याचे प्रात्यक्षिक देतो. तेवढा वेळ पडद्यावर त्याचे नाव हवे, म्हणून गेम खेळणाऱ्याचे नाव तात्पुरते दुसरीकडे नेऊन ठेवतो. ती जागा असते 'ह्या भागात कोणते प्राणी भेटतील' ह्या यादीची. एरवी पुढच्या भागात गेले की नवी यादी त्यावर लिहिली जाते. गेममधल्या सिनाबार बेटाच्या एका किनाऱ्यावर मात्र तसे होत नाही. तिथे पोहत राहिले की गेम तुमच्या नावातली अक्षरे प्राण्यांचे क्रमांक समजून वाचतो, आणि एखादे अक्षर रिकाम्या क्रमांकावर पडले की चौकटी-चौकटींचा तुटका आकार समोर उभा राहतो. तुमच्या नावावर ठरते कोण भेटणार! शाळेत असताना मला हे भुताटकीसारखे वाटले होते. आज वाटते, एकच कपाट दोन कामांना वापरले की असेच व्हायचे.

त्याच गेममधला मिऊ हा प्राणी उलट दिशेने आत आला. चाचणीसाठी घातलेली साधने शेवटी काढली तेव्हा कार्ट्रिजवर, म्हणजे गेमची चिप असलेल्या डबीत, सुमारे 300 बाइट जागा मोकळी झाली. प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी त्या फटीत मिऊ बसवला. तोपर्यंत चाचण्या संपल्या होत्या. अशा वेळी काही घालणे म्हणजे प्रयोगाच्या रात्री नवे पद घालण्यासारखे. आमच्याकडे कोणी केले असते तर दिग्दर्शकाने विंगेतच धरले असते.

काढण्याची भीती किती खरी असते याचा सर्वांत चांगला दाखला कोनामी ह्या गेम कंपनीच्या 'कोनामी कोड'चा. 1986 साली काझुहिसा हाशिमोतो 'ग्रॅडियस' हा गेम घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. गेम अवघड, आणि स्वतःच केलेला गेम तपासायला प्रत्येक वेळी शेवटपर्यंत खेळणे त्यांना जमेना. म्हणून त्यांनी वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, बी, ए अशी बटणांची ओळ घातली. ती दाबली की सगळी शस्त्रे मिळायची. काढायची राहिली. शेवटच्या टप्प्यात लक्षात आले तेव्हा काढली तर दुसरे काही बिघडेल, म्हणून तशीच ठेवली. तीच ओळ पुढे जगातली सर्वांत प्रसिद्ध चोरवाट झाली आणि कंपनीने आपल्या कित्येक गेममध्ये ती मुद्दाम घातली. टाचणीचा दागिना झाला म्हणायचा.

इथे एक फरक करून ठेवतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. फाइलींत जे सापडते ते सगळे 'गाळलेले' नसते. काही कारागिरांचे अवजार असते, घर बांधून झाल्यावर परांचीचा एखादा बांबू मागे राहावा तसे. 1997 च्या 'गोल्डनआय' ह्या गेमचेच बघा. त्याच्या कार्ट्रिजमध्ये 1980 च्या दशकातल्या झेडएक्स स्पेक्ट्रम ह्या घरगुती कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम आणि त्या कॉम्प्युटरचे 10 गेम बंद करून ठेवलेले होते. रेअर ही कंपनी पूर्वी स्पेक्ट्रमचेच गेम करायची. तिथल्या लोकांनी निन्टेन्डो कंपनीच्या एन64 ह्या गेमच्या यंत्रावर तो चालतो का हे पाहिले आणि प्रयोग आतच राहिला. बाहेरच्या लोकांना तो चालू करायला 2012 साल उजाडले.

त्याच गेममध्ये धरणाची एक लेव्हल आहे. पाण्यापलीकडे एक बेट दिसते, बंदुकीच्या दुर्बिणीतून बघितले तर त्यावर बांधकामही दिसते, आणि जायला वाट नाही. मुलांनी ह्या बेटावरून किती डोके फोडले असेल! पुढे चीट यंत्राने, म्हणजे चालू गेममधले आकडे बदलणाऱ्या जोडयंत्राने, लोक तिथे पोहोचले. तिथे काहीच नाही. मला प्रत्येक वेळी आठवते ते सांग्यातले कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. साळावली धरणाखाली गेलेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की घरांचे चौथरे वर येतात आणि मूळचे गावकरी तिथल्या देवळाच्या जागी जमतात. फरक एवढाच की कुर्डीत माणसे राहिली होती, आणि त्या बेटावर कोणीच कधी राहिले नव्हते.

खरोखर गाळलेल्या गोष्टींत मात्र वेळ आणि पैसा ह्यांचे वळ स्पष्ट दिसतात. 1992 च्या 'सॉनिक 2' मध्ये हिडन पॅलेस नावाची लेव्हल होणार होती. रिलीजच्या आधी मासिकांत तिची चित्रेही छापून आली. गेम आला तेव्हा ती नव्हती. पण गाणी ऐकायची जी यादी गेममध्ये आहे, तिच्यात 10 क्रमांकावर एक धून वाजते जी कुठल्याच लेव्हलमध्ये ऐकू येत नाही. दार काढले, भिंत सारवली, आणि आत पेटी वाजतेच आहे. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस गेमची एक अर्धवट, कामचलाऊ प्रत इंटरनेटवर आली आणि लोकांना ती लेव्हल हिंडता आली. 2013 साली फोनसाठी गेम नव्याने केला तेव्हा ती पूर्ण करून आत घातली गेली. एकवीस वर्षांनी प्रवेश रंगभूमीवर आला.

'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक 2' ची गोष्ट जास्त चुटपुट लावणारी. हा गेम 2004 च्या डिसेंबरात घाईने बाजारात आला. शेवट तुटक, एक आख्खा ग्रह गायब, काही पात्रांचे पुढे काय झाले याचा पत्ता नाही. पण कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीच्या फोल्डरांत गाळलेल्या प्रसंगांचे रेकॉर्ड केलेले संवाद तसेच होते. कलाकारांनी बोललेले, त्याचे पैसे दिलेले, आणि कोणी न ऐकलेले. चाहत्यांनी काही वर्षे खपून ते पुन्हा प्रसंगांत बसवले. आज पुष्कळ जण हा गेम खेळायचा तर त्या दुरुस्तीसहच खेळ म्हणून सांगतात. मीही तेच सांगेन. त्यांच्या कामात मला सर्वांत आवडते ती त्यांची शिस्त: जिथे मूळ सामग्री नाही तिथे स्वतःचे कमीत कमी घालायचे. नाटकाच्या जुन्या संहिता जुळवणाऱ्यांना ही शिस्त किती अवघड ते विचारा.

आता कचऱ्याबद्दल. हा शब्द मी तुच्छतेने वापरत नाही, कारण कधी कधी सोने इथेच सापडते.

आमच्याकडे 60 मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्यावर वडिलांनी गावातले भजन रेकॉर्ड केले. भजन 40 मिनिटांत संपते, खटकन आवाज येतो आणि पुढे कुठल्या तरी जुन्या बैठकीतले नाट्यगीत मधूनच सुरू होते. आधीचे रेकॉर्डिंग कोणी पुसले नव्हते, नव्याने जेवढे झाकले तेवढेच गेले. 2021 च्या जानेवारीत नेमके असेच निन्टेन्डोच्या एका कार्ट्रिजमध्ये सापडले. कंपनीत कामासाठी वापरायचे ते कार्ट्रिज. त्याच्यावर 'एफ-झीरो एक्स' हा गाड्यांचा गेम होता. गेम 16 एमबीचा, कार्ट्रिज 32 एमबीचे. उरलेल्या अर्ध्या भागात 'झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम' च्या खूप आधीच्या अवस्थेचे तुकडे निघाले, 1998 साली बाजारात आलेल्या गेममध्ये नसलेल्या जागा आणि वस्तूंसकट. कोणी जपून ठेवले नव्हते, कोणी लपवलेही नव्हते. फक्त वर दुसरे काही लिहायचे राहिले होते.

कार्ट्रिजच्या चिपा ठरावीक मापांत येत, आणि प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. गेम दोन मापांच्या मध्ये पडला की मोठी चिप घ्यायची आणि राहिलेली जागा कशाने तरी भरायची. नीटनेटका प्रोग्रामर शून्ये भरायचा. कधी त्या जागी काम करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरचेच काहीबाही येऊन बसायचे: मूळ प्रोग्रामच्या ओळी, फोल्डरांची नावे, आधीच्या गेमचा एखादा लचका.

डिस्कवर तर मुद्दाम कचरा घालत. हे कळले तेव्हा मी हसलो होतो. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. ती एकाच वेगाने फिरत असेल तर बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त लांबी डोळ्याखालून जाते, म्हणजे वाचन जलद होते. म्हणून काही गेम करणारे आतल्या भागात एक भलीमोठी रिकामी फाइल टाकायचे, जेणेकरून खरा माल कडेकडे ढकलला जाईल. एखाद्याला अशी प्रचंड 'डमी' नावाची फाइल सापडते, तो रात्र जागून ती फोडतो, आणि आत शून्ये. पंगतीत जागा धरायला ठेवलेला रुमाल तो!

मुद्दाम लपवलेले वेगळे. 1980 च्या सुमाराची गोष्ट. अटारी कंपनी गेम करणाऱ्यांची नावे कुठेच छापत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी 'ॲडव्हेंचर' हा गेम एकट्याने केला आणि त्यात एक चोरखोली ठेवली. एका खोलीत एका ठिपक्याएवढी वस्तू शोधायची, ती योग्य ठिकाणी न्यायची, मग भिंतीतून वाट मिळते आणि आत त्यांचे नाव चमकत असते. कंपनीला पत्ता लागला तो एका मुलाच्या पत्रातून, तोपर्यंत रॉबिनेट नोकरी सोडून गेले होते. चिप पुन्हा बनवणे महाग, म्हणून खोली तशीच राहिली, आणि अशा गमतींना 'ईस्टर एग' हे नाव पडले. गोव्यात हे नाव समजावून सांगावे लागत नाही. ईस्टर जवळ आला की पणजीच्या बेकऱ्यांत मार्झिपानची अंडी मांडलेली असतात, फक्त ती शोधावी लागत नाहीत.

भाच्याला आता इतिहासात रस उरला नव्हता. "पण ते लोक शोधतात कसे?"

फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची लांबच लांब रांग. हेक्स एडिटर नावाचा प्रोग्राम ती रांग दाखवतो, आणि बाजूला ज्या आकड्यांची अक्षरे होऊ शकतात तीही दाखवतो. नवशिक्यांनी पहिल्यांदा अक्षरेच बघावीत. माणसे आपल्या फाइलींना काय नावे देतात त्यावरून निम्मी गोष्ट कळते: 'टेस्ट', 'ओल्ड', 'टेम्प', 'फायनल 2'. सरकारी कचेरीपासून गेमच्या स्टुडिओपर्यंत 'फायनल' नाव दिलेली फाइल कधीच शेवटची नसते.

दुसरी खूण म्हणजे फाइलींचे कपाळ. बऱ्याच प्रकारच्या फाइली सुरुवातीच्या काही बाइटांत आपली जात सांगतात. पीएनजी चित्राच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटला 'पीएनजी' ही अक्षरेच असतात. झिप फाइल 'पीके' ने सुरू होते. फिल कॅट्झ ह्या तिच्या जनकाची ती आद्याक्षरे. म्हणजे एखाद्या अगडबंब फाइलीच्या पोटात चाळीस ठिकाणी 'पीएनजी' दिसले की आत बहुधा चाळीस चित्रे आहेत. जुन्या कार्ट्रिजांत अशी कपाळे नसतात. तिथे आकडे चौकोनी ठिपक्यांसारखे मांडून डोळ्यांना चित्र दिसेपर्यंत सरकवत बसावे लागते. आणि माल दाबून लहान केलेला असेल तर आधी तो दाबला कसा हे उलगडायचे. ह्यालाच महिने लागतात.

सापडले की खरे काम सुरू होते: हे कुठून मागवले जाते का? प्रोग्राममध्ये ह्या क्रमांकाला हाक मारणारे एकही वाक्य नसेल तरच तो भाग वापराबाहेरचा. नाहीतर काय होते, कोणीतरी 'लपलेले गाणे सापडले' म्हणून नाचतो आणि ते गाणे 29 फेब्रुवारीला वाजणारे निघते. पडताळायचे असेल तर कॉम्प्युटरवर त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम चालवतात आणि गेम चालू असताना मेमरीतला एखादा आकडा बदलतात: 11 च्या जागी 12. माझ्या वहीतली टाचणी काढून वाचायला लागणे ते हेच.

पण टाचणीखालच्या पानांवरून नाटककाराच्या मनात काय होते ते सांगू नये. इथे हौशी लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. 1992 च्या 'मॉर्टल कॉम्बॅट' मध्ये गेमचे यंत्र ठेवणाऱ्या दुकानदारासाठी एक आकडेवारीचा पडदा होता, त्यावर 'अरमॅक्स' असा शब्द. ते 'एरर मॅक्रो' चे, म्हणजे चुका मोजणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याचे, लघुरूप होते. खेळणाऱ्यांनी त्यातून अरमॅक नावाचा लाल कपड्यांतला गुप्त योद्धा उभा केला. तो मला दिसला, मी त्याच्याशी लढलो, असे सांगणारेही निघाले. अखेर 1995 च्या 'अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट 3' मध्ये कंपनीनेच त्या नावाचे पात्र आणले. देवचार दिसला म्हणणारे खूप झाले की कोणीतरी घुमटी बांधतोच.

'सुपर मारिओ 64' चेही तसे. वाड्याच्या अंगणात एक धुरकट पाटी आहे. लोकांनी तिच्यावर 'एल इज रिअल 2401' असे वाचले आणि मारिओचा भाऊ लुइजी आत लपला आहे असे वर्षानुवर्षे धरून चालले. विकलेल्या गेममध्ये तो कोणालाही सापडला नाही. 2020 च्या जुलैत निन्टेन्डोच्या अंतर्गत फाइली फुटल्या तेव्हा त्यांत लुइजीचे तुकडे निघाले. म्हणजे लुइजी करून पाहिला होता हे खरे, पण तो कार्यशाळेत होता; तुमच्या-आमच्या कार्ट्रिजमध्ये नव्हता. आणि पाटीवरचे चित्र एवढे पुसट आहे की त्यात मला 'लोटली' हे गोव्यातल्या गावाचे नावसुद्धा वाचता येईल.

आणखी एक प्रकार सरळ बाद करावा: मुळात नसलेलेच दिसणे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' मधली उणे एक दुनिया ही लपलेली लेव्हल नव्हे. 1-2 ह्या लेव्हलच्या शेवटी भिंतीतून घुसून ठरावीक पाइपात लवकर उतरले की गेम चुकीचा आकडा उचलतो, 36. छत्तिसाव्या दुनियेसाठी त्याच्याकडे चित्र असते ते कोऱ्या चौकटीचे, म्हणून पडद्यावर मोकळी जागा, रेघ आणि 1 दिसते. तिथली पाण्याखालची लेव्हल गेममध्ये आधीच असलेली, फक्त बाहेर पडायची वाट परत तिथेच आणून सोडते. दोन पाने चिकटली आणि वाचणारा तसाच वाचत गेला, एवढेच.

हे सगळे गमतीचे वाटत असेल, तर 2005 साल आठवा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात प्लेस्टेशन 2 वर आला होता. त्यात एक लैंगिक प्रसंगाचा खेळ करून मग गाळलेला, अर्थातच टाचणी लावून. जूनमध्ये कॉम्प्युटरची आवृत्ती आली आणि लगेच एका मॉडने, म्हणजे बाहेरच्या हौशी माणसाने गेममध्ये केलेल्या बदलाने, ती टाचणी काढली. मॉडचे नाव 'हॉट कॉफी'. हे बाहेरच्यांनी घातलेले आहे असा सूर कंपनीने आधी लावला. मग प्लेस्टेशनच्या डिस्कवरही चीट कोड टाकून तोच प्रसंग दिसला. डिस्कवर बाहेरचा माणूस लिहू शकत नाही, तेव्हा मुद्दा संपला. 20 जुलै 2005 रोजी अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने गेमला केवळ प्रौढांसाठीचे मानांकन दिले, दुकानांनी माल उतरवला. त्यानंतर मंडळाने नियमच केला: खेळताना दिसो न दिसो, डिस्कवर आक्षेपार्ह काही असेल तर ते कळवायचे. प्रॉम्प्टर म्हणून मला तो नियम पटतो. वहीत आहे ते आहे.

पैशांवरूनही भांडण झाले आहे. 2012 च्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन' च्या डिस्कवर 12 जादा योद्धे आधीच होते, कुलूप लावून. किल्ली वेगळ्या पैशांनी मिळणार होती. लोक खवळले. घरात आणून ठेवलेल्या फणसाचे गरे मोजून विकावेत, तसे. कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, पण ह्या प्रकरणात माझी सहानुभूती गिऱ्हाइकाकडे आहे.

आताचे ऑनलाइन गेम येणाऱ्या उत्सवाचे पोशाख आणि नकाशे आधीच्या अपडेटमध्ये घालून ठेवतात, कारण ठरल्या दिवशी सगळ्यांनी एकदम डाउनलोड केले तर सर्व्हर बसेल. शोधणारे ते आधीच काढतात, म्हणून कंपन्या त्या फाइलींना किल्लीचे कुलूप लावतात आणि किल्ली त्या दिवशीच पाठवतात.

लहान गेमांची गोष्ट वेगळी, आणि तिथे अजूनही भरपूर सापडते. युनिटी हे साधन गेम बांधताना कुठेच न वापरलेला माल आपोआप मागे ठेवते. मात्र 'रिसोर्सेस' नावाच्या फोल्डरात जे असेल ते वापरा-न वापरा आत जाते. घाईतला प्रोग्रामर सगळेच त्यात टाकतो. मीही टाकलेले आहे.

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही भाच्याच्या फोनवरचा एक साधा मासेमारीचा गेम घेतला. अँड्रॉइडची एपीके फाइल ही आतून झिपच असते. ती कॉम्प्युटरवर आणली, नावाचे शेपूट बदलले, उघडली. (आपल्याकडच्या कायद्याबद्दल एवढेच: कायदेशीर घेतलेला प्रोग्राम कसा चालतो ते अभ्यासायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये जागा आहे, त्यातला माल काढून वाटायला नाही. ऑनलाइन गेमच्या चालू फाइलींत हात घातलात तर खाते बंद होईल. आणि कोणीतरी 'उघडून दिलेली' एपीके फोनवर टाकू नका, तिच्यात काय आहे ते देवाला ठाऊक.)

तासाभराने, एका साधनाने युनिटीची गाठोडी सोडवल्यावर, एक होडी निघाली. गेममध्ये माणूस काठावर उभा राहूनच गळ टाकतो, होडी कुठेच नाही. होडीची तीन चित्रे होती: वल्हे वर, वल्हे मध्ये, वल्हे पाण्यात. परत वर येतानाचे चौथे नव्हते. एक आवाजाची फाइल होती, तिच्यात कोणीतरी बादलीतले पाणी ढवळत होते आणि शेवटी माणूस खाकरला. नकाशा नव्हता, संवाद नव्हते, होडीला हाक मारणारी एकही ओळ आम्हाला दिसली नाही.

"सीक्रेट बोट लेव्हल!" भाचा म्हणाला.

मी म्हटले, लेव्हल कुठे आहे? सुरू करून सोडलेली होडी आहे. व्हिडिओ करायचाच तर 'अर्धवट होडी' असे नाव दे आणि चौथे चित्र नाही हेही सांग.

त्याने नाव 'सीक्रेट बोट' असेच दिले. चौथ्या चित्राबद्दल मात्र शेवटी सांगितले आहे, आणि खाकरणे दोनदा ऐकवले आहे.